कोरडी कुंडी

घरात वाढवलेल्या झाडांविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, याबाबत आमच्यातच मतभेद आहेत. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत राहतो, आणि आजवर आमच्या हातून जेवढे नेचे जगले त्याहून अधिक मेले आहेत. त्यांपैकी एक तर मेलेला नसतानाच आम्ही फेकून दिला असावा. हे लेखन मुख्यतः त्या एका नेच्याविषयी आहे. परंतु त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी आधीच्या काही चुकांचा जमाखर्च मांडणे भाग आहे.

पहिला नेचा आमच्याकडे २०१९ च्या शिक्षकदिनी आला. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून रोपवाटिकेतून एक भरगच्च कुंडी आणली होती. रोपवाटिकेत त्याला सरसकट ‘फर्न’ म्हणतात. नंतर कळले की तो नेफ्रोलेपिस कुळातला. सावलीत ठेवावा आणि माती सुकू देऊ नये, एवढ्या दोन सूचना त्याच्यासोबत आल्या होत्या. त्या दोन्ही आम्ही काटेकोरपणे पाळल्या, आणि तरीही महिन्याभरात पानांची टोके तपकिरी होऊन कुरकुरू लागली.

दोष आमच्या काटकसरीचा होता. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते, ते बादलीत साठवून आम्ही झाडांना घालत असू, आणि पाहुण्यांना ही व्यवस्था मोठ्या अभिमानाने दाखवीत असू. यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सारे क्षार त्या बादलीत एकवटतात, हे साधे गणित आमच्या ध्यानी आले नव्हते. मनीप्लांटने ते पाणी निमूटपणे सोसले. नेच्याची मुळे बारीक आणि वरच्या थरात पसरणारी. मातीत साठत जाणारा क्षार त्यांना सोसवत नाही, आणि त्याची पहिली तक्रार पानांच्या टोकांवर उमटते. वरून छताचा पंखा दिवसभर कोरडी हवा त्याच्या अंगावर ढकलत होता. आम्ही त्याला रोज थोडे थोडे मीठ चारत होतो आणि त्यालाच संगोपन समजत होतो.

दुसरी चूक अधिक हास्यास्पद होती. एके सकाळी पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसले. शेजाऱ्यांनी कीड असल्याचे निदान केले. आम्ही कडुनिंबाच्या तेलात साबणाचे पाणी मिसळून कापसाच्या बोळ्याने ठिपके पुसण्याचा उद्योग आरंभला. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकारी प्राध्यापकांनी तो उद्योग पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. कीड अशी ओळीत बसत नाही, ते म्हणाले. खरोखरच प्रत्येक पर्णिकेवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, शिवणीचे टाके असावेत तसे ते ठिपके समान अंतरावर होते. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचा पुंजका, आणि त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचे इवलेसे झाकण. या कुळाचे शास्त्रीय नावदेखील त्या झाकणावरूनच पडले आहे. झाड प्रथमच वंशविस्ताराच्या तयारीत होते आणि आम्ही त्याची पाठ साबणाने पुसून काढत होतो.

या प्रकारानंतर आम्ही नेच्यांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. भाषेच्या माणसाला सवयीने आधी शब्द दिसतो. ‘नेचा’ म्हटल्यावर आमच्यापैकी एकाला हुक्क्याची नळी आठवली, कारण जुन्या मराठीत तिलाही नेचाच म्हणत. मग लक्षात आले की वर्षानुवर्षे वर्गात शिकवलेल्या कवितांत प्राजक्त आहे, चाफा आहे, मोगरा आणि केवडा आहेत. नेचा असलेली एक ओळ मात्र आम्हा दोघांनाही आठवेना. त्याला फूल नाही, म्हणून गंध नाही, फळ नाही, बी नाही. जमिनीवर फुले येण्याच्या कितीतरी आधीपासून, सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वीपासून, नेच्यांचे पूर्वज इथे आहेत. बीजाणू ओलसर जागी पडला तर त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराची एक हिरवी चकती तयार होते. तिच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावे लागते. पाण्याचा एक पातळ पापुद्रा तेवढ्या वेळापुरता नसेल, तर पुढची पिढीच नाही. सोलापूरसारख्या गावात हा मजकूर वाचताना आम्ही दोघेही काही काळ गप्प बसलो. वर्षाकाठी सहासातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात आम्ही कोणाला पाहुणा म्हणून ठेवून घेतले आहे, हे तेव्हा उमगले.

उपाय केले ते साधेच होते. यंत्रातले पाणी बंद केले. पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवले, आणि उन्हाळ्यात समोरच्यांच्या वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्यांच्या परवानगीने जमवले. त्यात क्षार जवळजवळ नसतात. नेच्याची मातीची कुंडी एका मोठ्या कुंडीत बसवून दोन्हींच्या मधल्या पोकळीत वाळू भरली आणि ती वाळू ओली ठेवू लागलो. मातीत कुजलेला पालापाचोळा, काथ्याचा भुसा, विटांचे बारीक तुकडे आणि थोडा लोणारी कोळसा मिसळला. जागा बदलून स्वयंपाकघरातल्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी आणली. माठ झिरपतो, त्याच्याभोवतीची हवा गार आणि दमट राहते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. जुन्या वाड्यांतून मोरीच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेले नेचे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दोन महिन्यांत मधल्या गड्ड्यातून गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या, लवदार गुंडाळ्या वर आल्या आणि रोज थोड्या थोड्या उलगडू लागल्या. आपल्याला हे जमले, असे आम्हाला वाटू लागले. पुढच्या प्रमादाचे मूळ बहुधा याच वाटण्यात होते.

त्या उत्साहात आम्ही काचेची बरणीही करून पाहिली. तिचा इतिहास मनोरंजक आहे. लंडनच्या पूर्व भागात राहणाऱ्या नथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांना नेच्यांचा नाद होता, परंतु कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरून जात. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला. पतंगापेक्षा त्यांचे लक्ष वेधले ते त्या मातीतून उगवलेल्या एका नेच्याने आणि गवताच्या पात्याने. बाहेरचे शहर आत येत नव्हते आणि आतला ओलावा काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होता. १८३३ मध्ये त्यांनी नेचे भरलेल्या बंद काचपेट्या जहाजावरून सिडनीला पाठवल्या आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर रोपे जिवंत उतरली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयातल्या मळ्यांत आणला तो अशाच पेट्यांतून. इंग्लंडात तर घरोघरी अशा पेट्या झाल्या, आणि त्या भरण्यासाठी डोंगरकड्यांवरचे नेचे लोकांनी इतके उपटून नेले की १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाला त्या वेडासाठी एक नवा शब्दच घडवावा लागला. आमची बरणी मात्र एप्रिलमधल्या एका दुपारी चुकून उन्हात राहिली. संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा आतली पाने शिजवलेल्या भाजीसारखी झाली होती.

आता हंसराजाविषयी.

आमच्यापैकी एकीचे माहेर सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातले. घरामागे जांभ्या दगडाने बांधलेली विहीर आहे; तिकडे तिला बाव म्हणतात. पावसाळ्यात तिच्या आतल्या चिऱ्यांच्या सांधीसांधींतून हंसराज लोंबू लागतो. काळीभोर, घोड्याच्या केसासारखी चकचकीत देठे, आणि त्यांवर अर्धचंद्राकृती, पोपटी पर्णिका. पाणी शिंपडले तर ते त्यांवर ठरत नाही, मोत्यासारखे घरंगळून जाते. वडील २०२२ च्या जानेवारीत गेले. लेक एकुलती, त्यामुळे चर्चेला फारसा वाव नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही आईला सोलापूरला घेऊन आलो. निघताना तिने बावीच्या काठावरून हंसराजाचा एक गड्डा मातीसकट काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला. (घरात एकजण तिला ‘अहो आई’ म्हणतो आणि दुसरी ‘आये’, येथे आम्ही लेकीचे व्याकरण स्वीकारले आहे.)

त्या पावसाळ्यात दोघेही चांगली रुजली असे आम्हाला वाटले. हंसराजाची पाने टोकाशी लांब होत, टेकतील तिथे मुळे धरीत, आणि कुंडीच्या काठावर नवे रोप होई. आईने इमारतीतल्या दोनतीन घरांशी ओळख केली, सोलकढीचा घोट शेजाऱ्यांना चाखवला, शेंगाचटणीवर आपले मत दिले.

दिवाळीनंतर हंसराज पिवळा पडू लागला. आम्ही आता अनुभवी होतो. पाणी वाढवले, दिवसातून तीनदा फवारा मारला, द्रवरूप खत अर्ध्या मात्रेने दिले, जागा बदलली, पुन्हा बदलली. तो पिवळा पडतच गेला. फेब्रुवारीअखेर कुंडीत काळ्या देठांचे चार खुंट आणि चिखलासारखी माती उरली. याच महिन्यांत आईही बोलेनाशी झाली. ती आजारी नव्हती. रक्ताच्या सगळ्या तपासण्या आम्ही दोनदा करून घेतल्या. तिच्यासाठी मोठ्या पडद्याचा दूरदर्शनसंच आणला, शक्तिवर्धक औषधे आणली, ज्येष्ठ नागरिकांच्या योगवर्गात नाव घातले, दक्षिणेकडच्या खिडकीला जाड पडदे लावून घरात गारवा राखला. ती प्रत्येक गोष्टीला बरे म्हणे आणि खिडकीपाशी बसून राही. आम्ही दोघे रात्री हलक्या आवाजात आणखी काय करता येईल याची यादी करीत असू. काही करणे थांबवता येईल का, हा प्रश्न त्या यादीत कधीच आला नाही.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही गच्चीतल्या कुंड्या आवरल्या. हंसराजाची माती खाली इमारतीच्या आवारात, भर उन्हातल्या वाफ्यावर ओतली आणि रिकाम्या कुंडीत मनीप्लांटची कांडी खोचली. आईला सांगायचे राहून गेले; खरे सांगायचे तर तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही ते टाळले.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन गच्चीत गेली, प्रत्येक कुंडीत वाकून पाहिले आणि विचारले, “हंसराज खंय गेलो गे?”

मेला, असे आम्ही सांगितले. ती काही क्षण आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मेलो खंय? निजलो हुतो तो. दिवाळी झाल्यार तेका पाणी घालूचा नसता. पाऊस इलो की येतलो हुतो.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मनीप्लांटचे एक पिवळे पान खुडले आणि ती आत गेली. आम्ही दोघे पदव्युत्तर वर्गांना शिकवणारी माणसे गच्चीत तशीच उभी राहिलो. खाली वाफ्यात जाऊन पाहिले. तीन महिन्यांच्या उन्हाने ती माती विटेसारखी झाली होती.

सह्याद्रीतल्या अनेक नेच्यांची रीतच अशी आहे. पाऊस सरला की वरचा सारा पसारा ते सोडून देतात आणि जमिनीतल्या खोडाच्या लहानशा गाठीत, तपकिरी खवल्यांच्या पांघरुणाखाली उन्हाळा काढतात. खडकांवरची मयूरशिखा तर पाने न टाकताच मिटून, वाळून बसते आणि सरीसरशी पुन्हा उघडते. हे आम्ही वाचले नव्हते असे नाही. परंतु आमच्या पहिल्या नेच्याने आम्हाला बारमाही हिरवेपणाची सवय लावली होती, आणि जो हिरवा नाही त्याला काहीतरी कमी पडते आहे, अशी आमची ठाम समजूत होती. हंसराजाची ती गाठ आम्ही नखाने खरवडूनही पाहिली नाही. खरवडली असती तर आत टणक, पांढरट-हिरवा गर दिसला असता. किंवा आमच्या अतिरेकी पाण्याने ती आधीच कुजलेली निघाली असती. यांतले खरे काय, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

आईची आणि नेच्याची तुलना येथवर वाचकांच्या मनात आली असेलच. तिच्याविषयी आम्ही साशंक आहोत. विद्यार्थ्यांच्या वह्यांत अशी ओढूनताणून आणलेली रूपके आम्हीच लाल शाईने अधोरेखित करतो. माणूस काही गड्ड्यात निजून वर्ष काढत नाही. बहात्तर वर्षांच्या बाईचा गुडघा, तिचा रक्तदाब, विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि कोकणातल्या पावसात रात्ररात्र जाणारी वीज, यांना रूपकात जागा नसते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की तिला पावसाळ्यात तिकडे एकटी ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा होईल; आणि विशेष म्हणजे हे म्हणणारी तिची लेक होती. जावयाचे मत पडले की निदान तिला विचारावे. तिला विचारले नव्हते, हे त्या वादात प्रथमच आमच्या लक्षात आले. २०२२ साली घर बंद करताना आम्ही तिला निर्णय सांगितला होता.

विचारल्यावर तिने उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. भाताची लावणी ते दिवाळी तिकडे. थंडी आणि उन्हाळा इकडे, “तुमच्यांगडे”. त्याप्रमाणे २०२३ च्या जूनअखेर तिला पोचवून आलो. शेजारी चुलत दिरांचे घर आहे, त्यांची सून रात्री सोबतीला येते, बावीवर पंप बसवला आहे आणि पायऱ्यांवर जाण्याची बंदी आहे. ती बंदी कितपत पाळली जाते, हे आम्ही विचारत नाही. गेल्या वर्षी श्रावणात ती अंगणात घसरली आणि मनगटाला प्लास्टर घालावे लागले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग दोघांनी मिळून तिला फोन केला आणि परत येतेस का, असे विचारले. ती म्हणाली, दिवाळी झाली की.

दिवाळीनंतर येताना तिने पुन्हा एक गड्डा आणला होता, २०२३ मध्येच, जांभ्याच्या एका कपरीसह. या वेळी तिच्या देखरेखीखाली तो वाळू दिला. तिचा नियम मात्र आम्ही थोडा बदलला. बावीच्या भिंतीत उन्हाळ्यातही आतून ओल असते; सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कुंडी नुसती कोरडी ठेवली तर गाठच सुकून जाईल. म्हणून आतल्या कुंडीत पाणी नाही, फक्त बाहेरच्या कुंडीतली वाळू आठवड्यातून एकदा भिजवायची; खत नाही, फवारा नाही, जागा माठामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. हा तोडगा तिला दाखवला तेव्हा तिने मान डोलावली. त्या सहा महिन्यांत ती कुंडी पाहणे आम्हाला फार जड गेले. दर दोनचार दिवसांनी कोणाचा तरी हात तांब्याकडे जाई आणि दुसरा तो धरी. २०२४ च्या जूनमध्ये, आई गावी गेल्यावर आठवड्याने, खवल्यांमधून तांबूस रंगाची पहिली गुंडाळी वर आली. तेव्हापासून दरवर्षी ती येते आहे. कधी उशिरा येते, आणि त्या उशिराच्या दिवसांत आम्हाला नीट झोप लागत नाही.

आई इकडे असते तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये अजूनही फारसे बोलत नाही. खिडकीपाशी बसते. आम्ही आता त्यावर उपाय करीत नाही. शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासतो.

घरकामाला येणाऱ्या मावशी नव्या आहेत. त्यांनी मागच्या आठवड्यात स्वयंपाकघर झाडताना माठामागची कुंडी बाहेर काढून ठेवली होती. म्हणून आता तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर आमच्यापैकी एकाचे, मजकूर दोघांचा: ‘फेकू नये. पाणी घालू नये. जिवंत आहे.’